वीतभर दार

"दार वीतभर उघडतं आणि परत मिटतं!" थोआकाकू फोनवर ओरडत होती. "वीतभर! वीतभरातून मी मांजर आणू का आत?"

सकाळचे साडेआठ वाजले होते. तेतचा, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाचा, सहावा दिवस. साउमामाने फोन कानापासून हातभर लांब धरला होता, तरी मला सगळं ऐकू येत होतं. शेजारच्या घरातलं रेडिओवरचं गाणंसुद्धा तिच्यापुढे फिकं पडलं.

"आणि मुहूर्त नऊ वाजून नऊ मिनिटांचा आहे! साउ, तुझं ते दार..."

मामाने माझ्याकडे बघितलं. ते दार त्याचं नव्हतंच, माझं होतं.

थोआकाकूचं दुकान तीन मजली. पंखे, भाताचे कुकर, गाद्या, फ्रीज, सगळं मिळतं तिथं. खाली दोन काचांचं आपोआप सरकणारं दार. सणाआधीची त्या दाराची सर्व्हिसिंग मी एकटीने केली होती. मामा बाहेर प्लास्टिकच्या स्टुलावर बसून बर्फाची कॉफी पीत होता, त्याने पान्यालाही हात लावला नाही. निघताना म्हणाला होता, "दिएप, हे दार सण संपेपर्यंत तक्रारीशिवाय चाललं तर तू माझ्याबरोबर दारांच्या कामावर. नाही चाललं तर आईबरोबर कोळंबी सोलायला. मी परत तुझ्या आईशी भांडणार नाही."

कोळंबीच्या कारखान्यात मी सात दिवस काढलेत. बर्फाच्या पाण्यात हात, पायात गमबूट, तोंडाला मास्क आणि बोलायला बंदी. आठव्या दिवशी मी सुपरवायझरच्या अंगावर टोपलं रिकामं केलं. शाळा सोडताना एवढा तमाशा नव्हता झाला.

"चल," मामा म्हणाला. मी आधीच बॅग खांद्याला लावून गाडीवर बसले होते.

वाटेत मी मागून ओरडत होते, "पट्टा सरकला असेल! नाहीतर सेन्सरसमोर कुणीतरी कंदील टांगलेत. लोक सेन्सरसमोर काहीही टांगतात!"

"असेल."

"मी सगळं नीट केलं होतं मामा! चाकं पुसली, पट्टा ताणला..."

"अगं, बघू तर दे आधी. मी काही म्हणालो का?"

म्हणाला नव्हता. पण मामा गप्प असला की मला जास्त राग येतो.

दुकानासमोर जत्रा भरली होती. लाल झालरीच्या पॅंट घातलेली सिंहनाचवाली पोरं फूटपाथवर उकिडवी बसून उसाचा रस पीत होती. सिंहाचं डोकं एका स्कूटरच्या सीटवर ठेवलेलं, डोळे मिटून. मोठा ढोल मधोमध. दुकानातल्या मुली नव्या लाल गणवेशात ओळीने उभ्या. आणि रस्त्यापलीकडे झाडाच्या सावलीत एक काळी गाडी, काचा वर. त्यात बर्फाच्या कारखान्याचे मालक फात काका बसलेले. यंदाच्या वर्षाला आणि थोआकाकूच्या जन्मवर्षाला जुळणारा माणूस म्हणून ज्योतिषाने त्यांचं नाव काढलेलं. नव्या वर्षात त्या दुकानात पहिलं पाऊल पडणार ते त्यांचं. त्यांच्या आधी दुसऱ्या कुणाचं पडलं, तर वर्षभर जे काही होईल ते त्या दुसऱ्याच्या नशिबाचं.

आम्ही गाडी लावली आणि दाराकडे धावलो.

"तिथंच!" थोआकाकू लाल आओ दायचा लांब झगा सावरत आडवी आली. "तिथंच थांबा दोघं! पुढे नाही यायचं!"

तिची नजर आमच्या छातीवर होती. काळ्या कापडाचा तो चिमूटभर तुकडा, आजी गेल्यापासून टाचलेला. तीनच महिने झालेत.

"थोआताई, तुम्हीच बोलावलंत," मामा म्हणाला.

"बोलावलं, कारण बाकी सगळे गावाला जाऊन बसलेत! दोघांना फोन केला. एक दारू पिऊन पडलाय, दुसऱ्याची बायको म्हणते तो पत्ते जिंकतोय, आत्ता उठणार नाही. पण सुतकातल्या माणसाचा हात माझ्या उंबऱ्याच्या आत जाता कामा नये. बोट नाही, नख नाही! बाहेरून काय करायचं ते करा."

"दाराची सगळी यंत्रं आतल्या बाजूला असतात काकू!" मी म्हणाले. "बाहेरून काय मंत्र म्हणू?"

"हिला गप्प कर साउ. आज सकाळी मला कुणावर ओरडायचं नाहीये. दुकान उघडण्याच्या दिवशी ओरडलं तर वर्षभर ओरडत बसावं लागतं."

हे ती ओरडूनच सांगत होती.

"आत कोण आहे?" मामाने विचारलं.

"लुआन आहे."

काचेपलीकडून एक माणूस दोन्ही हात हलवत होता, बोटीतून उतरणाऱ्या नातेवाइकांना बघून हलवतात तसे. लुआनदादा, दुकानाचा राखणदार. जुनं वर्ष संपायच्या आधी आत गेला तो आतच होता. मागच्या दारावर थोआकाकूने लाल कागद चिकटवून ते बंद केलेलं. सहा दिवस हा विक्रीच्या गादीवर झोपत होता आणि केळीच्या पानातला चिकट भात नि कांद्याचं लोणचं खात होता.

"दिएप!" काचेतून त्याचा आवाज डब्यातून यावा तसा आला. "आलीस! सहा दिवस झाले, टीव्हीशी बोलतोय मी. बाहेर काय चाललंय?"

"बाहेर तुझं दार चालत नाहीये! शिडी कुठंय?"

"शिडी? मला उंचावर भीती वाटते."

"राखणदार आहेस ना तू?"

"जमिनीवरचा!"

सिंहवाली पोरं खिदळली. मी घड्याळ बघितलं. आठ पन्नास.

मी फरशा मोजून उंबऱ्यापासून एक फरशी लांब पोटावर झोपले, गाल जमिनीला लावून. नवी पॅंट होती, पण आता काय! इथून दाराची खालची कड दिसत होती.

"दादा, चालू कर एकदा. सेन्सरखाली ये."

तो पुढे आला. दोन्ही काचा सरकल्या, वीतभर गेल्या, आणि खालून बारीक आवाज आला. कर्रर्र. काचा दचकल्या आणि परत मिटल्या. दार काही बिघडलेलं नव्हतं, ते घाबरत होतं. मधे काहीतरी आलं की मागे फिरायचं, एवढंच त्याला शिकवलेलं असतं. कुणाचा हात सापडू नये म्हणून.

"पट्टा नाहीये मामा," मी जमिनीवरूनच म्हणाले. "खाली आहे. खाचेत."

"मग बघ खाचेत."

"दादा, भिंतीवरचं बटण बंद कर! आता हाताने ढकल. हळू! हळू म्हटलं ना, बैल आहेस का?"

त्याने काच ढकलली. वीतभर लोण्यासारखी गेली आणि मग कर्रर्र. आता मला फटीतून खाच सरळ दिसत होती. पांढरं काहीतरी. दाणे. आणि दाण्यांना धरून बसलेला घट्ट पांढरा थर.

"तांदूळ!" मी ओरडले. "खाचेत तांदूळ कुणी भरलेत? आणि मीठ!"

आत लुआन डोकं खाजवायला लागला.

"दादा?"

"भरले नाहीत गं," लुआन काचेला नाक लावून म्हणाला. "वर्ष संपताना पूजा झाली ना, तेव्हा दार उघडून बाहेर तांदूळ-मीठ टाकले. काकूने फोनवर सांगितलं तसंच. वारा समोरून होता. थोडे माझ्या तोंडावर आले, थोडे खाली पडले."

"मग झाडायचं ना!"

"सणात झाडू?" लुआन, थोआकाकू, दुकानातल्या चार मुली आणि ढोलवाला, सगळे एकदम बोलले.

बरोबर होतं. आमच्या घरीही सहा दिवस कलिंगडाच्या बियांची टरफलं कोपऱ्यात साठली होती. कचऱ्याबरोबर नशीब बाहेर जातं, त्यामुळे झाडायचं नाही. आणि इथं तर पहिलं पाऊल पडेपर्यंत दाण्यालाही बाहेर जायची परवानगी नव्हती.

पण मला वेगळंच काहीतरी टोचत होतं. तांदूळ टाकणारा लुआन काही जगातला पहिला माणूस नाही. अख्खं गाव टाकतं. दाराच्या खालच्या कडेला ब्रशची लांब पट्टी असते, ती खाचेवरून घासत जाते आणि कचरा आत पडू देत नाही. मी मान वाकडी करून डाव्या काचेची खालची कड बघितली.

ब्रश नव्हता.

सणाआधी सर्व्हिसिंगच्या दिवशी ती पट्टी धुवायला मीच काढली होती. त्याच वेळी दुकानातली ती केस रंगवलेली मुलगी, न्हा, म्हणाली होती, "मामा बाहेर बसलाय आणि तू एकटी? तुला जमतं का हे, की नुसती खेळतेयस?" मग मी तिला जमतं ते दाखवायला शिडीवर चढले, पट्टा ताणला, चाकं फिरवून दाखवली, दार दहा वेळा उघडून मिटून दाखवलं, बॅग उचलली आणि निघाले. मी बॅगच्या बाजूच्या कप्प्यात हात घातला. पट्टी तिथंच होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, स्वच्छ.

मी वर बघितलं. मामा माझ्या हाताकडे बघत होता.

"आठ छप्पन्न," तो म्हणाला, एवढंच.

"लुआन, झाडू घे आणि..." न्हाने सुरुवात केली.

"झाडू ठेव खाली!" थोआकाकू काचेवर थापा मारायला लागली.

माझं डोकं भराभर फिरायला लागलं. बाहेर काढायचं नाही. हात आत घालायचा नाही. मग राहिलं काय? आत घ्यायचं! आणि आत, लुआनच्या मागे, फ्रीजच्या ओळीपलीकडे लाल फित बांधलेले पाच व्हॅक्यूम क्लीनर उभे होते.

"काकू! तो ओढतो ना? बाहेर नाही टाकत, आत ओढतो! तांदूळ आत, मीठ आत, सगळं दुकानाच्या आत!"

थोआकाकूचा हात काचेवर तसाच थांबला. तिने ढोलवाल्याकडे बघितलं, ढोलवाल्याने खांदे उडवले. मग मामा अगदी सहज म्हणाला, "थोआताई, वर्षात दुकानात सगळ्यात आधी काय आलं? तांदूळ आणि मीठ. यापेक्षा चांगलं काय येणार?"

"नवा आहे तो," ती म्हणाली. "विकायचा आहे."

"नव्यानेच करायचं. जुना काय कामाचा?"

"लुआन!" काकू ओरडली. "निळा घे! लाल नको, लाल महाग आहे!"

मग जे सुरू झालं ते मला आयुष्यभर पुरेल. लुआनला वायर पुरेना. वायर पुरली तर बटण सापडेना. बटण सापडलं तर नळी उलटी लावली आणि त्याच्या चेहऱ्यावर वारा आला, तो चार पावलं मागे उडाला. मी जमिनीवर झोपून शिव्या देत होते, मामा शिव्यांमधून कामाच्या गोष्टी वेगळ्या करून त्याला सांगत होता.

"हिला म्हणायचंय, नळी दुसऱ्या भोकात घाल."

"मी तेच म्हटलं!"

"मधे बैल होता, गाढव होतं. त्याला कळलं नाही."

सुटे दाणे टपटप नळीत गेले. पण मीठ गोठलेलं होतं, सहा दिवसांची दमट हवा खाऊन दगडासारखं. ते खरवडायला हवं होतं. मी बारका स्क्रू ड्रायव्हर काढला आणि फटीतून सरकवणार, तोच थोआकाकूने माझं मनगट धरलं.

"नख नाही म्हटलं होतं."

"मग कशाने खरवडू? नजरेने?" मी मनगट सोडवलं.

"दादा!" मी आत ओरडले. "काड्या आहेत का जेवायच्या? कसल्याही!"

लुआन धावत गेला आणि चिकट भाताची शितं लागलेल्या काड्या घेऊन आला. तो आतून गुडघ्यावर, मी बाहेरून पोटावर, मधे काच. आमची तोंडं वीतभर अंतरावर होती. त्याच्या तोंडाला लोणच्याचा वास येत होता, काचेतूनही येत होता असं मला वाटलं.

"डावीकडे. तुझ्या डावीकडे नाही, माझ्या! हां. खणून काढ. आता ओढ. अजून. कोपऱ्यात एक दाणा आहे."

"हा?"

"तो नाही, त्याचा भाऊ. हां! गेला!"

"नऊ एक," मामा म्हणाला.

लुआनने काच ढकलली. काच शेवटपर्यंत गेली, आवाज न करता. मागे सिंहवाल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मी जमिनीवरच दोन पाय आपटले.

पण वीज चालू करून भागणार नव्हतं. सकाळपासून हे दार वीतभर जाऊन मागे फिरत होतं, आता त्याला तेवढंच आपलं घर वाटत असणार. त्याला पहिल्यापासून शिकवायला हवं होतं. डोक्यावरच्या पेटीतलं लाल बटण दाबून धरलं की दार एकदा पूर्ण उघडतं, पूर्ण मिटतं, परत उघडतं, अगदी गोगलगायीच्या चालीने, आणि आपली दोन्ही टोकं लक्षात ठेवतं. त्या वेळात मधे काही आलं, तर तेच टोक समजून बसतं.

"शिडी," मी म्हणाले.

"दिएप, नको ना..."

"दादा, सहा दिवस एकटा राहिलास. चार पायऱ्या काय आहेत?"

तो चढला. डोळे मिटून चढला. शिडी थरथरत होती, पेटीचं झाकण त्याच्या हातातून निसटून खाली पडलं आणि थोआकाकूने देवाचं नाव घेतलं. पण त्याने बटण दाबलं आणि मी पाचपर्यंत मोजलं. आत कुठेतरी टक् झालं आणि दोन्ही काचा निघाल्या. इंच, इंच, इंच. नऊ चार. जवळजवळ पन्नास माणसं काच सरकताना बघत होती. पूर्ण उघडलं आणि थांबलं. समोर अख्खं दुकान उघडं, सणाचं पिवळ्या माई-फुलांचं झाड, चकचकीत फरशी, आणि आत जायला कुणालाही बंदी. मग परत मिटायला लागलं. नऊ सहा. मिटलं. आता शेवटचं उघडणं.

तेवढ्यात मागे गाडीचं दार वाजलं.

फात काकांच्या ड्रायव्हरचं घड्याळ पुढे असणार. काका उतरले, पोट पुढे काढून, हातात लाल पाकिटं, तोंडभर हसत रस्ता ओलांडून आले. त्यांना वाटलं दार त्यांच्यासाठीच उघडतंय, मानाने, हळूहळू! लोक बाजूला झाले. ढोलवाल्याने काठी उचलली. थोआकाकूच्या चेहऱ्यावर हसू चिकटलं. पहिल्या पावलाच्या माणसाला अडवायचं कसं?

दार अर्ध्यावर होतं. काका तीन पावलांवर.

मी उठून त्यांच्यासमोर उभी राहिले, दोन्ही हात आडवे करून.

"थांबा!"

फात काकांची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली आली आणि काळ्या तुकड्यावर थांबली. वर्षातला सगळ्यात शुभ माणूस आणि समोर सुतकातली पोर, धुळीने माखलेली. थोआकाकू माझ्या मागे "अगं... अगं..." करत होती.

"आत्ता गेलात तर दार अर्ध्यावरच शिकेल," मी एका दमात म्हणाले. "मग वर्षभर अर्ध्यावरच थांबेल. तुमच्या पावलामुळे! एक मिनिट द्या काका. मुहूर्तही अजून झाला नाहीये. नऊ सात झालेत, तुमचं घड्याळ पुढे आहे."

त्यांचं हसू गेलं होतं. मला वाटलं, संपलं. कोळंबी.

"कुणाचं?" त्यांनी तुकड्याकडे बोट दाखवून विचारलं.

"आजीचं."

"किती वर्षांची होती?"

"एक्क्याण्णव."

"एक्क्याण्णव!" ते मागे वळून ड्रायव्हरला म्हणाले, "ऐकलंस? एक्क्याण्णव. आणि तुला साधं घड्याळ लावता येत नाही." मग ते एक पाऊल मागे सरले आणि माझ्या शेजारी हात मागे बांधून उभे राहिले. आम्ही दोघं दाराकडे बघत राहिलो. इंच, इंच. त्यांचे ओठ हलत होते, तेही मोजत होते बहुतेक. काच शेवटी टेकली आणि वर टक् झालं.

"शिकलं?"

"शिकलं. पण अजून थांबा. आधी मिटू दे."

दार मिटलं, या वेळी आपल्या नेहमीच्या चालीने. मामाने घड्याळ वर केलं. नऊ नऊ. मी बाजूला झाले.

फात काका पुढे गेले आणि दार उघडलं. सुर्रकन, दोन्ही बाजूंनी, टोकापर्यंत! ढोल फुटला म्हणा ना. झांजा, फुगे फोडल्याचे आवाज, सिंह डोळे फडफडवत तीन वेळा वाकला आणि उडी मारून आत. प्रत्येक उडीला दार उघडं राहत होतं, एकदाही दचकलं नाही. लुआन शिडीवरच होता, त्याला उतरता येत नव्हतं, तो वरूनच टाळ्या वाजवत होता. मी मामाचा दंड धरून उड्या मारत होते. सुतकात उड्या मारू नयेत बहुतेक, पण आजीला दारं आवडायची. सुपरमार्केटला नेलं की ती तीन-चारदा आत-बाहेर करायची.

थोआकाकू घाम पुसत आमच्याकडे आली. ढोलाच्या वरून ओरडून म्हणाली, "साउ! असं झालं कसं? तू तर सणाआधी बघून गेलास ना?"

"माझी चूक," मामाने ओरडून सांगितलं. "मी तपासलं नाही."

त्याला गप्प बसता आलं असतं. तांदळावर ढकलता आलं असतं, लुआनवर ढकलता आलं असतं. आणि मलाही गप्प बसता आलं असतं.

"काकू, त्याची नाही!" मी म्हणाले.

"काय?"

"त्याची नाही म्हटलं!"

"काय? ऐकू येत नाही!"

मी छाती भरून श्वास घेतला आणि सगळा जोर लावून ओरडले. नेमका त्याच क्षणी ढोल थांबला.

"ब्रशची पट्टी मी काढली आणि लावायला विसरले! चूक माझी आहे!"

अख्ख्या फूटपाथने ऐकलं. दुकानातल्या मुलींनी ऐकलं, सिंहाच्या दोन्ही टोकांनी ऐकलं. न्हा माझ्याकडे बघत होती. मी बॅगेतून पट्टी काढून समोर धरली.

शिडीवरून लुआनचा आवाज आला, "तांदूळ मी टाकले!"

थोआकाकूचा चेहरा लाल, मग जांभळा, मग परत लाल झाला. तोंड उघडलं, मिटलं. आज ओरडायचं नव्हतं. तिने दोनदा श्वास घेतला, गोड आवाज काढायचा प्रयत्न केला आणि तो फार भयंकर निघाला.

"दिएप बाळ. उद्या सकाळी ये. पहिलं पाऊल पडलं, आता तुला आत यायला हरकत नाही. उद्या ती पट्टी लाव. आणि मग मी तुला अशा शिव्या घालणार आहे, अशा, की तुझी एक्क्याण्णव वर्षांची आजीसुद्धा कान झाकेल."

"येते," मी म्हणाले.

ती वळून हसत हसत आत गेली. दार तिच्यासाठी उघडलं.

गाडीपाशी आल्यावर मामा हेल्मेटचा पट्टा उगाच सोडत-बांधत राहिला. दारं की कोळंबी, हे विचारायची हिंमत नव्हती.

"उद्या मी येणार नाही," तो म्हणाला शेवटी. "शिव्या एकटीने खायच्या."

"बरं."

"उलट उत्तर द्यायचं नाही."

"एकही नाही?"

"एक चालेल. शेवटी."

त्याचा फोन वाजला. त्याने नाव बघितलं. पुलापलीकडचं चष्म्याचं दुकान. कानाला लावला, ऐकलं, "हं, हं," केलं. पलीकडून माणूस घाईघाईने बोलत होता, आमच्या शहरात त्या दिवशी सगळ्यांचेच मुहूर्त होते. मग मामाने फोन कानावरून काढला आणि माझ्यापुढे धरला.

"मी कशाला?"

"मग कोण? मी गाडी चालवणार आहे."

मी फोन घेतला, मागच्या सीटवर उडी मारली. गाडी सुटली, वारा कानात घुसला आणि मला ओरडूनच बोलावं लागलं.

"हॅलो! हां, दारवाली बोलतेय! कशालाही हात लावू नका. आवाज कसा येतोय, ते आधी सांगा!"